दहा सेकंदांचा उंबरठा : रॉब्सन काएतानो दा सिल्वा यांची कारकीर्द आणि निकालपत्रकाचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपट, बखरी, पत्रव्यवहार आणि सरकारी दफ्तर ही साधने परिचित असतात. धावण्याच्या शर्यतीचे निकालपत्रक मात्र साधन म्हणून सहसा विचारात घेतले जात नाही. त्यात नावे, क्रमांक आणि वेळा एवढेच असते. म्हणून ते स्वयंसिद्ध सत्य आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात निकालपत्रक हाही मनुष्यनिर्मित दस्तऐवज आहे. तो ठरावीक नियमांनुसार आणि ठरावीक यंत्रांच्या साहाय्याने तयार होतो, आणि प्रसंगी अनेक वर्षांनी दुरुस्तही केला जातो. कोणत्याही दस्तऐवजाप्रमाणे त्याचेही अंतर्गत व बाह्य परीक्षण करावे लागते.

प्रस्तुत लेखात ब्राझीलचे धावपटू रॉब्सन काएतानो दा सिल्वा यांच्या कारकिर्दीचा या दृष्टीने विचार केला आहे. ४ सप्टेंबर १९६४ रोजी रिओ दी जानेरो येथे जन्मलेल्या या कृष्णवर्णीय धावपटूने १९८८ साली १०० मीटर अंतर १०.०० सेकंदांत पूर्ण केले. दक्षिण अमेरिका खंडाचा हा विक्रम पुढे पस्तीस वर्षे टिकला. त्यांच्या नावावर ऑलिंपिकची दोन कांस्यपदके आहेत. जागतिक पातळीवरील तीन अंतिम शर्यतींत मात्र २०० मीटरमध्ये ते चौथे आले. त्यांच्या कारकिर्दीचा अर्थ केवळ पदकांच्या मोजणीतून लागत नाही. आकडे कसे तयार झाले आणि पुढे त्यांचे काय झाले हे पाहिल्यावरच तो लागतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. पूर्वपीठिका

विसाव्या शतकात ॲथलेटिक्समध्ये ब्राझीलची ओळख प्रामुख्याने तिहेरी उडीमुळे झाली. आदेमार फेरेरा दा सिल्वा यांनी १९५२ व १९५६ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. त्यांच्यानंतर नेल्सन प्रुदेन्सिओ आणि झोआओ कार्लोस दी ओलिवेरा यांनी ती परंपरा पुढे नेली. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे झोआकिम क्रूझ यांनी ८०० मीटरचे सुवर्णपदक मिळवले. अल्प अंतराच्या शर्यतींत मात्र अशी सलग परंपरा नव्हती. हेलसिंकी येथे १९५२ साली उंच उडीचे कांस्यपदक मिळवणारे झोझे तेलेस दा कॉन्सेसाओ हे १९५६ साली मेलबर्न येथे २०० मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि सहावे आले. अशी काही एकाकी उदाहरणे सोडल्यास या शर्यतींवर अमेरिकेचे वर्चस्व होते.

तरीही ‘दहा सेकंद’ हा आकडा खंडाला अगदीच अपरिचित नव्हता. व्हेनेझुएलाचे ओरासिओ एस्तेवेस यांनी १५ ऑगस्ट १९६४ रोजी काराकास येथे १०० मीटर अंतर १०.० सेकंदांत पूर्ण करून तत्कालीन जागतिक विक्रमाशी बरोबरी केली होती. रॉब्सन यांचा जन्म त्यानंतर तीनच आठवड्यांनी झाला. मग चोवीस वर्षांनी रॉब्सन यांनी नवे असे काय केले, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर दशांश चिन्हापुढील एका शून्यात आहे. एस्तेवेस यांची वेळ हातातील घड्याळावर, दशांश सेकंदापर्यंत मोजलेली होती. पंचाचा डोळा आणि अंगठा यांच्यामध्ये जो काळ जातो, त्यामुळे हातघड्याळावरची वेळ सामान्यतः प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत जागतिक विक्रमासाठी केवळ स्वयंचलित विद्युत कालमापनच ग्राह्य धरले जाऊ लागले. परिणामी १०.० आणि १०.०० हे दिसायला जवळचे वाटणारे आकडे दोन भिन्न मोजमापपद्धतींचे ठरले. एकाच नावाची दोन नाणी वेगवेगळ्या टांकसाळींतून निघावीत, तसा हा प्रकार आहे.

२. मेक्सिको सिटी, १९८८ : एका आकड्याचे वाचन

२२ जुलै १९८८ रोजी मेक्सिको सिटी येथे इबेरो-अमेरिकन स्पर्धेत रॉब्सन यांनी १०.०० सेकंद ही वेळ नोंदवली. या आकड्याचे परीक्षण तीन अंगांनी करता येते.

पहिले अंग स्थळाचे. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असल्याने धावणाऱ्याच्या शरीराला होणारा हवेचा विरोध घटतो आणि १०० मीटरमध्ये काही शतांश सेकंदांचा लाभ होतो. जिम हाइन्स यांनी १९६८ साली विद्युत कालमापनानुसार दहा सेकंदांच्या आतील पहिली वेळ, ९.९५ सेकंद, याच शहरात नोंदवली होती. काल्विन स्मिथ यांचा १९८३ चा ९.९३ सेकंदांचा विक्रमही कोलोरॅडो स्प्रिंग्ज या उंचावरील ठिकाणचाच होता. वाऱ्याच्या साहाय्यावर सेकंदाला दोन मीटर ही मर्यादा आहे. उंचीवर अशी मर्यादा नाही. म्हणून मेक्सिको सिटीतील वेळ नियमाने पूर्णपणे ग्राह्य ठरते. मात्र तिच्यातील काही भाग त्या ठिकाणाचा आहे, हे अभ्यासकाने लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरे अंग कालमापनाच्या नियमाचे. अंतिम रेषेवरील छायाचित्रावरून वेळ सहस्रांश सेकंदापर्यंत वाचता येते. मात्र अधिकृत नोंद करताना ती पुढच्या मोठ्या शतांशापर्यंत वाढवली जाते. म्हणजे ९.९९१ सेकंद ही वेळ निकालपत्रकात १०.०० अशीच उमटते. यावरून रॉब्सन प्रत्यक्षात दहा सेकंदांच्या आत धावले असे विधान करता येणार नाही. ‘दहा सेकंदांची भिंत’ ही निसर्गाने घातलेली नसून नोंदवहीतील रकान्याने घातलेली आहे, एवढेच यावरून दिसते. मनुष्याच्या स्नायूंना दशमान पद्धती ठाऊक नसते.

तिसरे अंग काळाचे. १९८८ हे वर्ष ब्राझीलच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. १३ मे १८८८ च्या कायद्याने तेथील गुलामगिरी संपुष्टात आली होती. त्या घटनेची शताब्दी १९८८ मध्ये झाली. दीर्घ लष्करी राजवट १९८५ साली संपल्यानंतर तयार झालेली नवी राज्यघटना ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, म्हणजे सेऊल ऑलिंपिकच्या समारोपानंतर तीन दिवसांनी, जाहीर झाली. तिच्या २१७ व्या अनुच्छेदाने क्रीडेला उत्तेजन देणे हे राज्याचे कर्तव्य आणि क्रीडा हा प्रत्येकाचा हक्क असल्याचे मान्य केले. रॉब्सन यांचे सर्वोत्तम वर्ष आणि देशाची ही घटनात्मक प्रतिज्ञा एकाच वर्षातील आहेत. ही प्रतिज्ञा मैदानापर्यंत किती पोहोचली, हा प्रश्न पुढे उपस्थित होणारच आहे.

३. सेऊल : दोन अंतिम फेऱ्या

२४ सप्टेंबर १९८८ रोजी सेऊल येथे झालेली १०० मीटरची अंतिम फेरी क्रीडा-इतिहासात कुप्रसिद्ध आहे. कॅनडाचे बेन जॉन्सन ९.७९ सेकंदांत प्रथम आले. परंतु उत्तेजक द्रव्य-चाचणीत दोषी आढळल्याने २७ सप्टेंबर रोजी त्यांना बाद ठरवण्यात आले. सुधारित निकालानुसार कार्ल लुईस ९.९२, लिनफर्ड क्रिस्टी ९.९७ आणि काल्विन स्मिथ ९.९९ असा क्रम लागला. १०.११ सेकंद नोंदवून सहावे आलेले रॉब्सन पाचव्या क्रमांकावर आले. शर्यत संपून तीन दिवस उलटल्यावर, एकही पाऊल अधिक न धावता, त्यांचा क्रमांक बदलला. निकालपत्रक हा दुरुस्त होणारा दस्तऐवज आहे, याचा हा ठळक पुरावा होय.

त्या अंतिम फेरीतील आठपैकी सहा जणांची नावे आपल्या जीवनात कधी ना कधी उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांशी जोडली गेली. त्या सर्वांवर दोष सिद्ध झाला असे मुळीच नव्हे. तथापि काल्विन स्मिथ आणि रॉब्सन हे दोघेच या चर्चेपासून पूर्णतः अलिप्त राहिले, ही नोंद त्या शर्यतीविषयी लिहिणारे आवर्जून करतात. पाचव्या क्रमांकाचे मूल्य ठरवताना ही नोंद दुर्लक्षिता येत नाही.

जॉन्सन बाद ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी, २८ सप्टेंबरला, २०० मीटरची अंतिम फेरी झाली. ज्यो डिलोच यांनी १९.७५ आणि लुईस यांनी १९.७९ सेकंद नोंदवले. रॉब्सन २०.०४ सेकंदांत तिसरे आले आणि २०.०९ सेकंद घेणारे क्रिस्टी पदकाबाहेर राहिले. ऑलिंपिकच्या २०० मीटर शर्यतीत ब्राझीलला मिळालेले हे पहिले पदक होय. चारच दिवसांपूर्वी १०० मीटरमध्ये क्रिस्टी रॉब्सन यांच्यापुढे चौदा शतांशांनी होते. दुप्पट अंतरावर, वळणासह, रॉब्सन यांनी त्यांना मागे टाकले. त्यांचे खरे सामर्थ्य २०० मीटरमध्ये होते याचा हा पुरावा आहे. पुढील वर्षी, २५ ऑगस्ट १९८९ रोजी, ब्रसेल्स येथे त्यांनी १९.९६ सेकंद नोंदवून या शर्यतीतही खंडाचा विक्रम केला. हा विक्रम उंच प्रदेशातील नव्हता. म्हणून १०.०० ही वेळ अधिक प्रसिद्ध असली, तरी गुणवत्तेच्या दृष्टीने १९.९६ ही वेळ अधिक श्रेष्ठ मानावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

४. चौथा क्रमांक

आता त्यांच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. १९८७ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत २०० मीटरचे सुवर्ण व रौप्य दोन्ही २०.१६ सेकंदांत, तर कांस्य २०.१८ सेकंदांत गेले. रॉब्सन यांची वेळ होती २०.२२. सुवर्णपदक आणि चौथा क्रमांक यांत केवळ सहा शतांशांचे अंतर होते. १९९१ साली टोकिओ येथे कॅनडाचे ॲटली माहोर्न आणि रॉब्सन या दोघांचीही अधिकृत वेळ २०.४९ सेकंद अशी नोंदली गेली. पदक माहोर्न यांना मिळाले आणि रॉब्सन चौथे ठरले. १९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ते २०.४५ सेकंदांत पुन्हा चौथे आले. कांस्यपदकाची वेळ २०.३८ होती.

टोकिओचीच १०० मीटरची अंतिम फेरीही या संदर्भात पाहण्याजोगी आहे. त्या शर्यतीत पहिले सहा धावपटू दहा सेकंदांच्या आत आले. लुईस यांनी ९.८६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. रॉब्सन १०.१२ सेकंदांत सातवे आले. दक्षिण अमेरिकेच्या सर्वोत्तम धावपटूपुढे एकाच शर्यतीत सहा जणांनी तो उंबरठा ओलांडला. खंडाच्या पातळीवरील सर्वोच्च कामगिरी जागतिक पातळीवर कोठे उभी होती, हे या एका निकालपत्रकातून कळते.

चौथ्या क्रमांकाचे दुःख भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रोम येथील १९६० चे मिल्खासिंग आणि लॉस एंजेलिस येथील १९८४ च्या पी. टी. उषा आपल्या स्मरणात आहेत. पण केवळ हळहळ व्यक्त करणे हे इतिहासलेखन नव्हे. १९८७ ते १९९२ या सहा वर्षांत जागतिक स्पर्धा व ऑलिंपिक मिळून २०० मीटरच्या चार अंतिम फेऱ्या झाल्या. त्यांत रॉब्सन यांचे क्रमांक चौथा, तिसरा, चौथा, चौथा असे आहेत. ज्या शर्यतीत स्नायूचा एक ताण संपूर्ण हंगाम संपवतो, तेथे हे सातत्य दुर्मीळ आहे. याच काळाच्या आसपास त्यांनी अमेरिका खंडांच्या संघाकडून विश्वचषकातील २०० मीटर शर्यत १९८५, १९८९ व १९९२ अशी तीन वेळा जिंकली आणि १९९१ साली हवाना येथील पॅन अमेरिकन स्पर्धेत १०० व २०० मीटर या दोन्ही शर्यतींची सुवर्णपदके मिळवली. पदकतालिकेत चौथ्यासाठी रकाना नसतो. त्यामुळे केवळ पदकतालिकेवर विसंबणारा अभ्यासक या सहा वर्षांतून एकच शर्यत उचलतो आणि उरलेल्या तीन त्याच्या दृष्टीआड होतात.

५. वैयक्तिक विक्रमाकडून सांघिक परंपरेकडे

१९९६ साली अटलांटा येथे ४ × १०० मीटर रिले शर्यतीत ब्राझीलने ३८.४१ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. आर्नाल्दो दी ओलिवेरा, रॉब्सन, एडसन रिबेरो आणि आंद्रे दोमिंगोस असा हा संघ होता. कॅनडा व अमेरिका हे दोनच संघ त्यांच्या पुढे होते. रॉब्सन तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्यांचे हे दुसरे ऑलिंपिक पदक.

चार वर्षांनी सिडनी येथे ब्राझीलने ३७.९० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. रिबेरो आणि दोमिंगोस हे अटलांटाचे दोघे त्या संघात होते. विसेंते दी लिमा आणि क्लाउदिनेई दा सिल्वा हे दोघे नवे होते. क्लाउदिनेई यांनीच १९९९ साली १९.८९ सेकंद नोंदवून रॉब्सन यांचा २०० मीटरचा विक्रम मोडला होता. विसेंते दी लिमा २००८ साली बीजिंगच्या संघातही होते. तो संघ चौथा आला. परंतु जमैकाच्या संघातील एका धावपटूच्या जुन्या नमुन्याची फेरतपासणी होऊन २०१७ साली जमैकाचे सुवर्णपदक रद्द झाले आणि ब्राझीलला कांस्यपदक मिळाले. म्हणजे १९९६, २००० आणि २००८ या तीन पदकांमध्ये खेळाडूंची एक अखंड साखळी दिसते. प्रत्येक संघात मागील पदकविजेत्या संघातील किमान एक धावपटू आहे.

रिले शर्यतीत वेगाइतकेच दंडाच्या देवाणघेवाणीला महत्त्व असते. हे कौशल्य एकत्र सरावातून येते आणि ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे जाते. दहा सेकंदांच्या आत धावणारा एकही धावपटू नसताना ब्राझीलने ही पदके मिळवली, यावरून खंडात वेगाची उणीव असली तरी परंपरा निर्माण झाली होती असे म्हणता येते. रॉब्सन हे त्या परंपरेतील एक महत्त्वाचा दुवा आहेत.

६. साओ पाउलो, २०२३

तथापि १०० मीटरचा विक्रम जागचा हलला नाही. क्रीडेसाठी लॉटरीच्या उत्पन्नातील वाटा देणारा कायदा ब्राझीलमध्ये २००१ साली झाला. खेळाडूंना थेट विद्यावेतन देणारी योजना २००४ च्या कायद्याने आली. २०१६ साली रॉब्सन यांच्या जन्मगावी ऑलिंपिक भरले. २०१८ साली पाउलो आंद्रे यांनी १०.०२ सेकंदांपर्यंत मजल मारली. उंबरठा मात्र तेथेच राहिला.

२८ जुलै २०२३ रोजी साओ पाउलो येथील दक्षिण अमेरिकन स्पर्धेत तो अखेर ओलांडला गेला, आणि तोही एकाच शर्यतीत दोघांकडून. सुरिनामचे इस्सामादे असिंगा ९.८९ सेकंदांत प्रथम आले. ब्राझीलचे एरिक कार्दोसो ९.९७ सेकंदांत दुसरे. मेक्सिको सिटीच्या त्या शर्यतीला तेव्हा पस्तीस वर्षे आणि सहा दिवस झाले होते. काही दिवसांतच असिंगा यांच्यावर उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणी तात्पुरते निलंबन आले. दूषित पूरक आहारामुळे हे घडल्याचा बचाव त्यांनी मांडला. परंतु २०२४ साली त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घालण्यात आली आणि त्या स्पर्धेतील त्यांचे निकाल रद्द झाले. अशा रीतीने नियमानुसार दहा सेकंदांच्या आत धावणारे पहिले दक्षिण अमेरिकन म्हणून कार्दोसो यांचे नाव नोंदले गेले. फेलिपे बार्दी यांनी त्याच वर्षी ९.९६ सेकंदांची नोंद केली.

सेऊल आणि साओ पाउलो यांतील साम्य उघड आहे. दोन्ही ठिकाणी अंतिम रेषेवर दिसलेला क्रम आणि अंतिमतः नोंदला गेलेला क्रम वेगळा आहे; दोन्ही ठिकाणी मागचा धावपटू प्रयोगशाळेच्या अहवालामुळे पुढे सरकला. रॉब्सन यांच्या विक्रमाचा शेवटही निकालपत्रकाच्या दुरुस्तीशी जोडला गेला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, विक्रमाचा आकडा समजण्यासाठी स्थळ, यंत्र आणि नियम यांचा संदर्भ अनिवार्य आहे. एस्तेवेस यांचे १०.० आणि रॉब्सन यांचे १०.०० यांची संदर्भ सोडून तुलना करता येत नाही. दुसरी, निकालपत्रक बदलू शकते. सेऊल, बीजिंग आणि साओ पाउलो या तिन्ही ठिकाणी ते बदलले. तिसरी, दीर्घकाळ टिकलेला विक्रम हा विक्रमवीराचा गौरव असतोच, पण त्याचबरोबर तो त्याच्यामागे उभ्या न राहिलेल्या व्यवस्थेवरचा अभिप्रायही असतो. १९८८ च्या घटनेने क्रीडा हा प्रत्येकाचा हक्क मानला. तरी त्याच वर्षीची एक वेळ सुधारण्यास खंडाला पस्तीस वर्षे लागली. या विलंबाचे सर्व श्रेय वा दोष एका कारणाकडे देता येणार नाही. परंतु इतकी वर्षे मोडला न गेलेला विक्रम साजरा करताना तो का मोडला गेला नाही, हेही विचारले पाहिजे.

रॉब्सन यांच्या वाट्याला या सर्व प्रक्रियेत एकच दुरुस्ती आली, सहाव्यावरून पाचव्या क्रमांकाची. १९८७, १९९१ आणि १९९२ चे तीन चौथे क्रमांक जसेच्या तसे राहिले. इतिहासकाराला ते बदलण्याचा अधिकार नाही. ते वाचण्याची जबाबदारी मात्र त्याची आहे.